डिंडोली, कानबाई आणि अर्धी गोळी

सुरतेला जाऊन आलो असं सांगितलं की आपल्या मंडळात पहिला प्रश्न येतो, "घारी आणलीस का?" आणि दुसरा, "घर कुठं आहे, अडाजणला?" मी "डिंडोली" म्हणतो. पुढचा माणूस "हं हं" करून पोह्यांकडे वळतो. सुरतेतल्या माणसाला मात्र डिंडोली बरोबर कळतं. तो लगेच विचारतो, "म्हणजे खानदेशी का?"

हो, खानदेशी. सुरतेच्या आग्नेयेला उधना, लिंबायत, नवागाम, गोडादरा आणि डिंडोली असा एक सलग पट्टा आहे. इथं रिक्षावाल्याशी अहिराणीत बोललं तरी चालतं. किराणा दुकानात बिबडे आणि कळण्याचं पीठ मिळतं. दुकानाची पाटी गुजरातीत, लग्नाचा बॅनर मराठीत आणि 'किराये से देना है' हिंदीत, असं तिन्ही एकाच भिंतीवर दिसतं. तळ्याला छठ सरोवर म्हणतात, कारण बिहार आणि उत्तर प्रदेशातली माणसंही इथं तेवढीच आपली आहेत.

हे सगळं एका लोहमार्गामुळे झालं. उधन्याहून निघालेली गाडी बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला पोचते. नवापूर स्टेशन तर दोन राज्यांत आहे. तिथल्या एका बाकावर अर्धा माणूस महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत बसतो. पाऊस नाही पडला की अमळनेर, शिंदखेडा, साक्रीकडची माणसं या गाडीत बसायची आणि उधन्याला उतरून कापडाच्या लूमवर लागायची. आमचे आप्पा १९८४ साली असेच आले. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. मी लहानपणी आप्पांशी बोलताना ओरडूनच बोलायचो. लूमच्या खटखटाटानं त्यांचे कान बसले होते. त्या लूमच्या पैशावर मी बी.ई. झालो आणि बंगळूरला आलो.

इथपर्यंतची गोष्ट मी दहा वेळा सांगितली आहे. चांगली गोष्ट आहे, सांगायला अभिमान वाटतो. पुढची गोष्ट मात्र पहिल्यांदाच लिहितोय.

२०२२ च्या सुरुवातीला मी आजारी पडलो. ताप नाही, खोकला नाही. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीत धडधड सुरू व्हायची. कामात चुका व्हायला लागल्या. मुलगी बोलत असली तरी काचेपलीकडून बोलल्यासारखं वाटायचं. बायको मला जवळजवळ ओढतच मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन गेली. निदान झालं डिप्रेशन आणि सोबत ॲन्झायटी. एसिटॅलोप्रामची गोळी सुरू झाली, रोज १० मिलिग्रॅम. जोडीला समुपदेशन. दोन-तीन महिन्यांत मी पुन्हा माणसात आलो. हे आधी स्पष्ट लिहितो, कारण पुढचं वाचून कुणी गोळीला दोष देऊ नये. त्या गोळीनं मला उभं केलं.

बायकोला सगळं माहीत होतं. डिंडोलीला काहीच नाही.

२०२४ च्या श्रावणात कानबाईसाठी घरी जायचं ठरलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिच्यासाठी बाहेरगावची भाऊबंदकी एकत्र येते, न येणं चालतच नाही. बायकोला ऑफिसमधून आणि मुलीला शाळेतून रजा नव्हती, म्हणून मी एकटाच निघालो. बॅग भरताना गोळ्यांची पट्टी हातात आली. आमच्या आईची एक सवय आहे. मी घरी पोचलो की तासाभरात ती माझी बॅग उघडून सगळे कपडे धुवायला काढते. पट्टी तिला दिसणार. ती चुलतभावाला विचारणार, तो मेडिकल स्टोअर चालवतो. मग काका, मग काकू, मग आख्खी गल्ली. त्यात धाकट्या बहिणीसाठी धुळ्याचं एक स्थळ बघायला येणार होतं. "मुलीचा भाऊ डोक्याच्या गोळ्या घेतो" हे वाक्य मला आधीच ऐकू यायला लागलं.

आणि मला बरंही वाटत होतं. अडीच वर्षं झाली, काम नीट चाललंय, झोप लागते. मग कशाला हवी? मी पट्टी बंगळूरच्या कपाटातच ठेवली. डॉक्टरांना विचारलं नाही, बायकोला सांगितलं नाही. प्रॉडक्शनवरचा चालू सर्व्हर प्लग ओढून बंद करणाऱ्या ज्युनियरला मी दिवसभर बोलणी ऐकवली असती. स्वतःच्या मेंदूच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. उलट मी खूश होतो. सकाळी लोचो, संध्याकाळी आईच्या हातची शेवभाजी. गहू निवडणं चालू होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे आणि त्यांचे रोट करायचे, ही आमच्याकडची रीत. आई मोठ्यानं नावं घेत मुठी टाकत होती. माझं नाव आलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करताना आरशातून नळाकडे बघितलं आणि डोक्यात करंट लागला. दुखलं नाही. जुनी ट्यूबलाइट लागण्याआधी जशी फडफडते तसं काहीतरी क्षणभर आत झालं. पाच मिनिटांनी परत. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की हमखास. दुपारपर्यंत पाय गाडीच्या डब्यात उभं राहिल्यासारखे डुलायला लागले. मळमळ सुरू झाली. अंगात कणकण, पण थर्मामीटरवर ताप नाही. रात्री इतकी स्पष्ट आणि विचित्र स्वप्नं पडली की सकाळी खरं काय झालं आणि स्वप्नात काय झालं हे वेगळं करायला वेळ लागला.

चौथ्या दिवशी मी आप्पांबरोबर त्यांच्या एका जुन्या सोबत्याला भेटायला लूमच्या खात्यात गेलो. ज्या आवाजात मी वाढलो तो आवाज मला सहन होईना. प्रत्येक ठोका कवटीच्या आतून येत होता. मी भिंतीला धरून बाहेर आलो आणि पायरीवर बसून रडायला लागलो. कारण काहीच नव्हतं. समोर एक मुलगा सायकलवर बर्फाचा गोळा खात उभा होता, त्याच्याकडे बघून मला रडू येत होतं.

घरी आल्यावर निदानं सुरू झाली. काकू म्हणाली नजर लागली, मीठमोहऱ्या उतरवल्या. काका म्हणाले पित्त. शेजारच्या बा म्हणाल्या, आख्खा दिवस कॉम्प्युटर बघतो तर दुसरं काय होणार. आई काहीच म्हणाली नाही. फक्त दर अर्ध्या तासानं येऊन विचारायची, "तुले काय व्हई ऱ्हायनं रे बापू?" आणि मी तिच्यावर खेकसलो. आयुष्यात तिच्यावर इतक्या जोरात कधी ओरडलो नव्हतो. ती आत गेली आणि पुन्हा गहू चाळायला बसली. त्या चाळणीचा आवाज अजून आठवतो.

माझ्या मनात एकच विचार होता. आजार परत आला. म्हणजे मी कधी बरा झालोच नव्हतो.

संध्याकाळी चुलतभाऊ आला. डी. फार्म झालेला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला गच्चीवर घेऊन गेला. खाली कुठंतरी डीजेची चाचणी चालू होती. तो म्हणाला, "दादा, एक विचारू? राग नको मानू. डोक्यात झटके म्हणतोस, चक्कर, रडू. तू कुठली गोळी एकदम बंद केलीस का?"

मी गप्प.

"माझ्या काउंटरवर महिन्याला दोन-चार जण असे येतात. गोळी संपली, पैसे नव्हते किंवा बरं वाटलं म्हणून सोडली. चार दिवसांनी हेच सांगतात. मी कुणाचं नाव कुणाला सांगत नाही. तुझंही नाही सांगणार. पण आत्ता तुझ्या डॉक्टरांना फोन लाव."

फोन लावला. डॉक्टर रागावले नाहीत, हे मला जास्त लागलं. शांतपणे तारखा विचारल्या. शेवटची गोळी कधी, पहिला झटका कधी, आधीच्या आजारात असे झटके होते का. मग म्हणाले, "हा आजार परतलेला दिसत नाही. गोळी अचानक बंद केल्याची ही लक्षणं आहेत." नेहमीचा डोस पुन्हा सुरू करायला सांगितला आणि ऑनलाइन प्रिस्क्रिप्शन पाठवलं. भावानं रात्री दुकान उघडून पट्टी दिली. दोन दिवसांत झटके विरळ झाले आणि आठवडाभरात गेले.

नंतर डॉक्टरांनी जे समजावलं आणि मी जे वाचलं ते थोडक्यात लिहितो, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ते चार दिवस वाचले असते.

ही औषधं मेंदूतल्या सेरोटोनिनच्या वाहतुकीवर काम करतात. महिनोन्‌महिने गोळी चालू असली की मेंदू तिच्यासकट आपली घडी बसवतो. गोळी एकदम काढली की ती घडी विस्कटते आणि नवी बसेपर्यंत शरीर कुरकुरतं. याला व्यसन म्हणत नाहीत. गोळीची हाव सुटत नाही, डोस वाढवत जावासा वाटत नाही. पण व्यसन नाही म्हणून ती कधीही सोडता येते, असंही नाही. आम्हा बऱ्याच जणांचा घोटाळा इथंच होतो.

कुठली गोळी आहे त्यावर त्रास ठरतो. शरीरातून लवकर निघून जाणाऱ्या व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिनसारख्या औषधांत त्रास जास्त आणि लवकर दिसतो. फ्लुऑक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून त्यात सहसा कमी. माझी गोळी मधली. शरीरातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात. म्हणून पहिले दोन दिवस मी लोचो खात खूश होतो.

त्रास सगळ्यांना होतो असंही नाही. २०२४ मध्येच 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. औषध बंद करणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षण जाणवलं. पण नुसती साखरेची गोळी बंद केलेल्यांतही ते प्रमाण १७ टक्के होतं. म्हणजे खुद्द औषध सुटल्यामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. आकडा घाबरण्याइतका मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही.

आजार परतला की गोळी सुटली, हे ओळखायचं कसं? सुटल्याची लक्षणं बहुधा काही दिवसांत येतात. त्यात झटके, चक्कर, मळमळ अशा मूळ आजारात नसलेल्या गोष्टी असतात आणि गोळी परत घेतली की ती लवकर शमतात. आजार बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू परततो, आणि परत घेतलेल्या गोळीलाही परिणाम दाखवायला वेळ लागतो. अर्थात हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. मी स्वतः ठरवलं होतं आणि साफ चुकलो होतो.

आता त्या रात्रीकडे येतो. पट्टी खिशात होती. खाली आलो तर आई-आप्पा दोघंच जागे होते. मी पट्टी काढून चौरंगाशेजारी ठेवली आणि सगळं सांगितलं. २०२२ पासूनचं सगळं.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग तिनं जे विचारलं ते सिनेमात नसतं. "सासरकडच्यांना माहीत आहे?" मी नाही म्हणालो. "मग काकालाही नको सांगू. पोरीचं जमू दे आधी." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तीच भीती मनात धरून मीही पट्टी कपाटात ठेवून आलो होतो. मी तिला काय बोलणार?

आप्पांनी पट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "एकदम का सोडली?"

"बरं वाटत होतं म्हणून."

ते म्हणाले, "लूमवर बीम संपलं की आपण काय करतो? तू पाहिलंयस लहानपणी. जुनं तोडून फेकत नाही. नव्या बीमचा एकेक तार जुन्या ताराला गाठतो. हजारो तार. कारागीर तासन्‌तास बसतो. कंटाळून मध्ये उठला तर कापडात खोट येते, मग शेठ पैसे कापतो." मग पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "सोडायची तर सोड. पण गाठी मारत सोड."

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे, नाक, नथ, अंगभर दागिने. रात्रभर जागर. मी बाजूला उशीला टेकून बसलो होतो, डोकं अजून जड होतं. पहाटे आईनं सगळ्यांसमोर पाण्याचा ग्लास आणून दिला आणि हळूच म्हणाली, "गोळी घेतली?" काकू शेजारीच होती. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही. सोमवारी कानबाईची मिरवणूक निघाली. डिंडोलीच्या रस्त्यावर बायका फुगड्या घालत होत्या आणि मी पहिल्यांदाच आपल्या माणसांत काही न लपवता चालत होतो. निदान दोन माणसांपासून तरी.

बंगळूरला परतल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "गोळी बंद करू, पण माझ्या पद्धतीनं." दोन महिने काही बदललं नाही. मग १० वरून साडेसात, मग पाच, मग अडीच. प्रत्येक पायरीवर महिना-दीड महिना. गोळी कापायचं प्लॅस्टिकचं छोटं कटर आणलं. एका वहीत रोज झोप, चक्कर आणि मूड यांना शून्य ते पाच गुण. एक दिवसाआड गोळी घेऊ का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले, कारण त्यात औषधाची पातळी रोज वर-खाली होते, म्हणजे दर दोन दिवसांनी छोटी सुटका आणि छोटी सुरुवात.

मला वाटलं होतं १० वरून पाच अवघड आणि शेवटचं सोपं. झालं उलटं. अडीचवरून सव्वावर आलो तेव्हा झटके परत आले, हलके, पण तेच. याचंही कारण आहे. नेहमीच्या किमान डोसलाच औषध मेंदूतल्या आपल्या जागांपैकी साधारण ८० टक्के जागा धरून बसतं. डोस निम्मा केला तरी जागा निम्म्या सुटत नाहीत, थोड्याच सुटतात. अगदी खालच्या डोसला मात्र चिमूटभर कमी केलं तरी भरभर सुटतात. म्हणून खाली येताना पायऱ्या लहान होत जायला हव्यात. हे २०१९ च्या एका शोधनिबंधानंतर जगभर चर्चेत आलं. आम्ही पुन्हा अडीचवर गेलो, महिनाभर थांबलो आणि मग अजून सावकाश उतरलो. त्या काळात आई दर रविवारी फोनवर विचारायची, "आता किती राहिली?" जणू मी पायी वारीला निघालोय आणि ती मुक्काम मोजतेय. २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा तुकडा घेतला.

हे लिहितोय म्हणजे सगळ्यांनी गोळी सोडावी असं नाही. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्या, पण बरं वाटत असलेल्या ४७८ जणांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा आजार परतला, सोडलेल्यांपैकी ५६ टक्के. म्हणजे सोडण्यात जोखीम आहेच, आणि कुणासाठी ती घेण्यासारखी नसते. मला परत लागली तर मी परत घेईन. चष्म्यासारखी.

ज्यांच्या कपाटात अशी पट्टी आहे, त्यांना तीनच गोष्टी सांगतो. स्वतःहून बंद करू नका. गावी जाताना पट्टी आणि प्रिस्क्रिप्शन दोन्ही सोबत घ्या. आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार आले तर एक मिनिटही थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. कुणाला हा विषय घरात काढायचा असेल आणि शब्द सापडत नसतील, तर सगळ्यांनी मिळून 'कासव' बघा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा हा सिनेमा डिप्रेशनवरच आहे, निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचार तज्ज्ञ आहेत, आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आहे.

गेल्या श्रावणात पुन्हा डिंडोलीला गेलो, या वेळी तिघंही. बहिणीचं लग्न जमलं होतं, धुळ्याचं नाही, नंदुरबारचं. आईनं माझी बॅग उघडली, कपडे काढले, कप्पे तपासले. पट्टी नव्हती. ती काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र शेजारच्या गल्लीतली एक बाई आली आणि आईशी ओट्यावर बसून बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. तिच्या सुनेला बाळंतपणानंतर गोळ्या चालू होत्या आणि घरच्यांनी त्या बंद करायला लावल्या होत्या.

आईनं मला हाक मारली. "ये रे बापू. हिला सांग जरा, गाठी मारत कसं सोडतात ते."

मी आधी त्यांना डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. मग शेजारी बसलो.